चित्ररोजनिशी कशी ठेवावी: साधे दिवस वहीत उतरवण्याची रीत

एखाद्या चित्रकाराची सचित्र रोजनिशी हातात पडली की आपण ती पहिल्या पानापासून शहाण्यासारखी वाचत नाही. मधलंच एखादं पान उघडतो, चित्र बघतो, बाजूच्या बारीक अक्षरातल्या दोन ओळी वाचतो आणि पुन्हा चित्राकडे वळतो. दुसऱ्या खेपेला तेच चित्र जरा वेगळं दिसतं. आधी ती नुसती खुर्ची होती. आता एक पाय आखूड असल्यामुळे घरातलं कुणीच जिच्यावर बसत नाही ती खुर्ची झालेली असते. सगळी मोहिनी या येण्याजाण्यात आहे. चित्र फार सफाईदार नसलं तरी ती टिकते. उलट चित्र कितीही देखणं असो, मजकूर त्याचीच री ओढू लागला की ती गेली.

म्हणून अशी वही सुरू करणाऱ्याने हात बसण्याची वाट बघू नये. जे दिसतं ते चित्राकडे सोपवायचं आणि जे दिसत नाही ते शब्दांकडे, एवढी वाटणी जमली की साधं रेखाटनही वाचनीय होतं. ती वाटणी पानावर कशी करायची, हे इथे सविस्तर पाहू. सामानाचा प्रश्न मात्र आधी मिटवलेला बरा, कारण बहुतेक वह्या तिथेच अडतात.

वही कोणती घ्यावी

भारी वही घेण्याचा मोह टाळावा. भारी कागदावर माणूस जपून काढू लागतो, आणि मग किरकोळ गोष्टींना त्या वहीत जागाच उरत नाही. तरी अगदी पातळ कागदही नको. छपाईचा साधा कागद ८० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम, म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) आसपास असतो; त्यावर शाई मागच्या पानावर दिसते आणि पाणी लागलं की तो सुरकुततो. फक्त पेनने काढणार असाल तर १०० ते १२० जीएसएम पुरे. अधूनमधून जलरंगांचा हलका हात फिरवायचा असेल तर १५० ते २०० जीएसएमचा कागद बघा. ३०० जीएसएमचा खास जलरंगांचा कागद भरपूर पाणी सोसतो, पण वही जाडजूड होते आणि पानं कमी मिळतात. रोजनिशीसाठी ती चैनच म्हणायची.

कागदाच्या पोताकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. चित्रासाठी खरखरीत कागद छान वाटतो, पण इथे अर्धं पान लिहिण्यात जाणार आहे. खरखरीत कागदावर बारीक टोकाचं पेन अडखळतं आणि अक्षर फाटतं. गुळगुळीत किंवा अगदी हलक्या पोताचा कागद दोन्ही कामं निभावतो.

आकाराचं म्हणाल तर ए५, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर, हा मधला मार्ग आहे. पिशवीत मावतो आणि चित्राशेजारी मजकुराला जागा उरते. शिवलेल्या बांधणीची वही सपाट उघडते, त्यामुळे समोरासमोरची दोन पानं मिळून एक लांब दृश्य काढता येतं. स्पायरलची वही उलटी दुमडून हातात धरायला सोयीची, पण मधल्या तारेमुळे दोन पानांवर पसरलेलं चित्र तुटतं. उभ्याने किंवा प्रवासात काढणाऱ्याने स्पायरल घ्यावी, टेबलाशी बसून काढणाऱ्याने शिवलेली.

नवी वही आली की शेवटच्या पानापासून सुरुवात करा. घरात असतील नसतील तेवढ्या पेनांच्या रेघा तिथे ओढा, शेजारी पेनाचं नाव लिहा, पाच मिनिटं थांबा आणि ओला ब्रश फिरवा. कोणती रेघ पसरते, कोणती जागची हलत नाही, कोणती मागच्या बाजूला उतरते, सगळं एका पानावर कळतं. शिवाय वही एकदा अशी ‘खराब’ झाली की पहिल्या कोऱ्या पानाचा धाकही कमी होतो.

पेन, शाई आणि मोजके रंग

शाईचे दोन प्रकार ध्यानात ठेवले तरी चालेल. रंगद्रव्याची, म्हणजे पिगमेंटची शाई वाळल्यावर सहसा पाण्याने हलत नाही आणि उजेडातही बराच काळ टिकते. डायची शाई पाण्यात विरघळते. बऱ्याच फाउंटन पेनांची आणि काही जेल पेनांची शाई या जातीची असते. रेघेवरून जलरंग फिरवायचा असेल तर पिगमेंट शाईचं फाइनलायनर, म्हणजे बारीक टोकाचं पेन घ्यावं. ०.३ मिलिमीटर टोकाचं एक पेन रेखाटन आणि लेखन दोन्हीला चालतं, जोडीला ०.८ चं एखादं असलं की गडद बाजू पटकन भरता येते. फाउंटन पेन आवडत असेल तर त्यात इंडिया इंक भरू नका. तिच्यात लाखेसारखं बंधक असतं, ते वाळलं की पेन कायमचं तुंबतं. खास फाउंटन पेनसाठी बनवलेल्या पिगमेंट शाया मिळतात, त्या चालतात. मात्र पेन नियमित धुवावं लागतं. अल्कोहोल मार्करपासून या वहीत लांबच राहावं, त्याचा रंग पाठच्या पानावर आरपार जातो.

रंग जितके कमी तितकी पानं एकमेकांशी जुळतात. एक पिवळा, एक लाल, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, एवढ्या चौघांवर कितीतरी दिवस निघतात. शेवटचे दोन एकत्र केले की सुरेख करडा मिळतो. निळा वाढवला तर थंड, तपकिरी वाढवला तर ऊबदार. सावल्यांसाठी काळा रंग उघडायची गरजच पडत नाही. रंग टिकतील का ही काळजीही इथे थोडी कमी करावी. अ‍ॅलिझरिन क्रिमसनसारखे काही रंग उजेडात फिके पडतात हे खरं, पण मिटलेल्या वहीत उजेड पोहोचतो कुठे? भिंतीवर लावायच्या चित्राचे निकष वहीला लावले की खर्च वाढतो, वही वाढत नाही. घराबाहेर काढायचं असेल तर दांड्यात पाणी भरता येईल असा वॉटर ब्रश ठेवा, म्हणजे पाण्याचं भांडं बाळगायला नको.

पेन्सिल चालते, खोडरबर घरी ठेवा.

काय काढावं

‘माझ्या आयुष्यात काढण्यासारखं काय आहे’ हा प्रश्न जवळपास प्रत्येकाला पडतो. त्यावर माझं साधं उत्तर असं: ज्या वस्तूला तुमच्या हाताने काहीतरी केलं आहे ती काढा. नवा कप कुणाच्याही घरातला असू शकतो. कान तुटून पुन्हा चिकटवलेला आणि आता पेनं ठेवायला वापरला जाणारा कप फक्त तुमचा. चष्म्याच्या काडीला लावलेला चिकटपट्टीचा तुकडा, टाचेकडे एकाच बाजूने झिजलेले बूट, चार्जरच्या वायरीला पडलेली कायमची गाठ, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांमधला एकटा मोजा, कुंडीतल्या रोपाने उजेडाकडे टाकलेला बाक. असं काही दिसलं की चित्राला विषय मिळतो आणि मजकुराला कारण.

आणखी एक निकष आहे, तो वही जुनी झाल्यावर कळतो. आज जे सर्वात कंटाळवाणं वाटतं तेच सर्वात आधी नाहीसं होतं. सूर्यास्त शंभर वर्षांनी तसाच असेल. तुमच्या हातातला फोन, दाराची कडी, कामाच्या टेबलावरचा पसारा तसा राहणार नाही. एडिथ होल्डन या इंग्रज चित्रकर्तीने १९०६ साली आसपासची फुलं, पाखरं आणि हवामान यांच्या सचित्र नोंदींची वही ठेवली होती. ती छापली गेली १९७७ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी, आणि अफाट खपली. त्या वहीत जगावेगळं असं काही घडत नाही. कुठल्या महिन्यात काय फुललं आणि कुठला पक्षी दिसला, एवढंच.

निवड करण्याची वेळही महत्त्वाची. दिवस संपताना ‘आज काय विशेष झालं’ असं विचारलं की मन मोठे प्रसंग शोधतं आणि रिकाम्या हाताने परत येतं. त्याऐवजी ‘आज नजर कुठे दोन क्षण जास्त थांबली’ असं विचारावं.

एक पान सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, टेबलावर पडलेला किल्ल्यांचा जुडगा काढायचा आहे. साधारण वीस-पंचवीस मिनिटांचं काम.

पहिलं मिनिट पेन उघडायचंच नाही. जुडगा बघा. यात तुमच्या नजरेला धरून ठेवणारं काय आहे? कडीत अडकलेली एक गंजकी किल्ली, धरा. बाकी सगळं तिच्यासाठी आहे. हे ठरवलं नाही तर सगळ्या किल्ल्या सारख्याच निष्ठेने काढल्या जातात आणि पान दुकानाच्या यादीसारखं दिसतं.

मग मजकुराची जागा राखा. चित्र काढून झाल्यावर उरलेल्या फटीत अक्षरं कोंबली की वाचणाराही गुदमरतो. पेन्सिलने अगदी फिका चौकोन आखा: चित्र उजवीकडे खाली, मजकूर डावीकडे वर. पान पूर्ण भरायचं बंधन नाही. चित्राच्या आसपास थोडा कोरा कागद राहू द्या, त्याने वस्तू उठून दिसते.

आता मापं. हात ताठ करून पेन डोळ्यांसमोर धरा, एक डोळा मिटा आणि जुडग्याची एकूण रुंदी उंचीच्या किती पट आहे ते पेनावर अंगठा सरकवून पाहा. हात वाकवला की माप बदलतं, म्हणून तो ताठच हवा. तेवढ्या आकाराच्या चार खुणा कागदावर करा. किल्ल्या एकमेकींवर पडल्या असतील तर किल्ल्यांपेक्षा त्यांच्या मधल्या रिकाम्या जागांचे आकार बघा. किल्ली कशी दिसते हे डोक्याला ‘माहीत’ असतं, त्यामुळे ते चुकीचं सांगतं; दोन किल्ल्यांमधल्या वाकड्या त्रिकोणाबद्दल त्याला काहीच माहीत नसतं, म्हणून हात समोर दिसेल तेच काढतो.

शाईची सुरुवात त्या गंजक्या किल्लीपासून करा. तिचे दाते, पुसट झालेली अक्षरं, गंजाचे ठिपके, सगळं सावकाश. दुसऱ्या किल्लीला निम्मा तपशील, आणि कडेच्या किल्ल्या नुसत्या बाह्यरेषेत सोडल्या तरी चालतील. रेघ चुकली तर तिच्यावर गिरवू नका, शेजारून बरोबर रेघ काढा आणि पुढे चला. दोन रेघांतली खरी कोणती ते बघणाऱ्याला आपोआप कळतं, आणि शोधत गेलेली रेघ पानाला जिवंतपणा देते.

सावलीशिवाय वस्तू हवेत तरंगते. उजेड कुठून येतोय ते बघून एका कोपऱ्यात छोटा बाण काढून ठेवा. पुढे खिडकीतला उजेड सरकला तरी गोंधळ होणार नाही. टेबलावर पडलेली सावली वस्तूला जिथे टेकते तिथे सर्वात गडद असते आणि लांब जाताना फिकी होते. एवढं पाळलं तरी किल्ल्या टेबलावर बसतात.

रंग दोनच ठिकाणी द्या: गंजावर बर्न्ट सिएना, आणि सावलीत तोच रंग निळ्यात मिसळून. बाकी किल्ल्या बिनरंगी राहू द्या. नवशिक्यांची पानं बिघडतात ती रेघांमुळे क्वचितच. सगळीकडे रंग भरण्याच्या हौसेने मात्र हमखास.

शब्दांचं काम

आता मजकूर. पहिल्या प्रयत्नात लोक साधारण असं लिहितात: ‘हा माझ्या किल्ल्यांचा जुडगा. यातली एक किल्ली गंजली आहे.’ हे चित्रात दिसतंच आहे. वाचणारा पुन्हा चित्राकडे जाण्याचं काही कारण उरत नाही. हेच असं लिहून बघा: ‘डावीकडून दुसरी कशाची, कुणालाच आठवत नाही. घर बदललं तरी सोबत आली. टाकायचा धीर होत नाही.’ आता डोळा आपसूक डावीकडून दुसऱ्या किल्लीवर जातो.

चित्राला जे कधीच जमत नाही त्याची यादी वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवावी: आवाज, वास, तापमान, वेळ, किंमत, आधी काय घडलं, नंतर काय होणार आहे, शेजारी कोण काय म्हणालं. यातलं एखादं घेतलं की मजकूर तयार. भावना थेट लिहिण्याची घाई नको. ‘आज खूप एकटं वाटलं’ या ओळीपेक्षा ‘फोन चार्ज होऊन तसाच पडला होता’ ही ओळ त्या फोनच्या चित्राशेजारी जास्त बोलते. ऐकलेलं वाक्य मात्र जसंच्या तसं उतरवा, बोलणाऱ्याच्या अडखळण्यासकट. ते सुधारून लिहिलं की मेलं.

तारीख आणि जागा प्रत्येक पानावर हवीच. वर्ष लिहायला विसरू नका. लिहिताना ते अनावश्यक वाटतं आणि वह्या साठल्या की त्याच्यावाचून अडतं.

अक्षराचा न्यूनगंड बाळगू नये, पण देवनागरीची एक अडचण ओळखून ठेवावी. आपल्या अक्षरांना वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार लागतात, त्यामुळे दाटीने लिहिलं की दोन ओळी एकमेकींत घुसतात. लहान अक्षरालाही ओळींमध्ये सात-आठ मिलिमीटर अंतर ठेवा. त्या बदल्यात शिरोरेषा फुकटची सजावट देते. ती ओळभर सलग ओढली तर मजकुराचा ठोकळा चित्राशेजारी चौकटीसारखा बसतो; शिरोरेषाच चित्रातल्या टेबलाच्या कडेला किंवा खिडकीच्या चौकटीला जोडली तर लेखन आणि चित्र एकाच हातचं वाटतं. चित्राचं पेन आणि लिहिण्याचं पेन एकच असलं तर काम आणखी सोपं.

हलणारी माणसं

वस्तू थांबतात, माणसं थांबत नाहीत. प्रवासात, रांगेत, प्रतीक्षालयात काढताना चेहऱ्यापासून सुरुवात केली की माणूस उठून जातो आणि कागदावर फक्त नाक उरतं. आधी डोक्याचा कल आणि खांद्यांची रेघ पकडा, मग पाठीचा बाक, मग वजन कुठल्या पायावर आहे ते. या चार रेघांत बसण्याची ढब आली तर चेहरा नसला तरी ओळखीची व्यक्ती ओळखू येते. माणसं त्याच त्याच ढबीत परत येतात, हेही थोडं बघितलं की कळतं. म्हणून एका पानावर तीन-चार अर्धवट आकृत्या एकदम सुरू करा आणि जी ढब पुन्हा दिसेल तिच्यात भर घाला. फोनमध्ये बुडालेला माणूस त्यातल्या त्यात स्थिर.

हात सैल करायला न बघता काढण्याचा सराव उत्तम. नजर समोरच्या माणसाच्या कडेवरून मुंगीच्या चालीने फिरवायची, पेन त्याच गतीने कागदावर, आणि कागदाकडे बघायचंच नाही. अमेरिकन चित्रशिक्षक किमॉन निकोलाइडिस अशा बाह्यरेषेच्या सरावावर भर देत. चित्र वेडंवाकडं येतं, नाक कानापाशी जातं, पण त्या रेघेत जी खात्री असते ती जपून काढलेल्या रेघेत येत नाही. अशी पानंही वहीत राहू द्या.

रंगवायला वेळ नसेल तर रंग शब्दांत लिहून ठेवा, थेट चित्राच्या आत: इथे विटकरी, इथे मळका पांढरा. फ्रेंच चित्रकार देलाक्रवा १८३२ मध्ये मोरोक्कोला गेला होता, तेव्हाच्या त्याच्या वह्यांत रेखाटनांच्या आतबाहेर अशा रंगांच्या नोंदी आहेत. त्या वह्यांतलं साहित्य त्याला पुढे अनेक वर्षं मोठ्या चित्रांसाठी पुरलं.

सिअ‍ॅटलमधले पत्रकार-चित्रकार गॅब्रिएल कॅम्पनारिओ यांनी २००७ साली सुरू केलेल्या अर्बन स्केचर्स या चळवळीत प्रत्यक्ष जागेवर, समोर बघूनच काढायचं असा दंडक आहे. शहराच्या नोंदीसाठी तो योग्यच. घरगुती रोजनिशीला मात्र मी तो लावणार नाही. दुपारी झालेलं भांडण रात्री आठवून काढलं तर त्यात खोलीची मापं चुकतील, पण कोण कुणाकडे पाठ करून उभं होतं ते नेमकं येईल. फक्त अशा पानावर ‘आठवणीतून’ असं लिहून ठेवा.

पान मांडण्याचे आणखी काही प्रकार

रोज एक वस्तू आणि चार ओळी असं केलं की महिन्याभरात वहीला मरगळ येते. एखाद्या दिवशी पिशवी रिकामी करून आतलं सगळं छोट्या आकारात मांडा आणि प्रत्येकाला बाण देऊन नाव लिहा. एखाद्या दिवशी घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतचा नकाशा काढा. प्रमाण चुकीचं असलं तरी चालेल, जिथे कंटाळा आला तो रस्ता लांब दाखवा. एकच खिडकी सकाळी, दुपारी, संध्याकाळी अशा तीन चौकटींत काढता येते. घडामोड असेल, नळ दुरुस्त करणं किंवा मांजराने खोका ताब्यात घेणं, तर पानाचे चार किंवा सहा चौकोन पाडावेत.

तिकिटं, चिठ्ठ्या, वेष्टणं चिकटवायची असतील तर दोन गोष्टी पाळा. पारदर्शक चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडते आणि सुटते, म्हणून गोंदाची कांडी किंवा पांढरा गोंद पातळ लावा. आणि दुकानातल्या यंत्रातून निघणाऱ्या पावत्या बहुधा उष्णतेने छापलेल्या असतात. त्यावरची अक्षरं हळूहळू उडून जातात. अशी पावती महत्त्वाची वाटली तर तिच्यावरचा मजकूर शेजारी हाताने उतरवून काढा. चिकटवलेल्या गोष्टींनी वही फुगते, ती तोंड वासून राहते. त्यावर उपाय म्हणजे अधूनमधून एखादं पान शिवणीपासून बोटभर अंतर सोडून कापून टाकणं. उरलेली पट्टी ती जाडी सामावून घेते.

खंड पडला तर

पडणारच. सुटलेले दिवस मागून भरायला बसू नका; ते काम डोंगराएवढं वाटतं आणि वही कपाटात जाते. आजची तारीख घाला आणि आजचं काढा. दोन तारखांमधलं अंतर हीसुद्धा एक नोंदच आहे. किमान नोंद किती, हे आधीच ठरवून ठेवा: अंगठ्याएवढं एक चित्र आणि एक ओळ. आजारपणात, दगदगीत तेवढंच करायचं, आणि त्याला अपुरं म्हणायचं नाही. वेळ स्वतंत्र काढण्यापेक्षा रोज आपोआप होणाऱ्या एखाद्या गोष्टीला वही जोडावी, जसं रात्री फोन चार्जिंगला लावणं. वही आणि पेन त्याच जागी ठेवा.

फसलेल्या पानावर कागद चिकटवण्यापेक्षा ते कशामुळे फसलं ते त्याच्यावरच लिहावं: बस हलत होती, उजेड गेला, मला खुर्चीचे पाय कळले नाहीत. बऱ्याचदा त्या ओळीमुळेच पान वाचायला मजा येते.

वही संपली की पानांना क्रमांक द्या आणि शेवटच्या पानावर छोटी सूची करा. चाचणीच्या रेघांशेजारी जागा असतेच. पानं जपून ठेवायची असतील तर ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके) केलेलं स्कॅन मूळ आकारात छापायला पुरतं. मोठं करून छापायचं असेल तर ६०० घ्या. फोनने फोटो काढताना वही खिडकीजवळ ठेवा, पण थेट उन्हात नको, आणि फोन पानाला समांतर धरा, नाहीतर अक्षरं एका बाजूला निमुळती होतात. कुणाला दाखवण्याआधी एकदा मजकुरावरून नजर फिरवा. दाराचा क्रमांक, लिफाफ्यावरचा पत्ता, परक्या माणसाचा ओळखू येणारा चेहरा, घरच्यांनी तुमच्या भरवशावर बोललेलं काही, यातलं जे असेल ते फोटोत झाकून घ्या. वहीतलं मूळ पान तसंच राहू द्या.